दिसावरास गेलेला नवरा आणि त्याचे रूप घेणारे भूत

अमोल पालेकर यांचा 'पहेली' हा हिंदी चित्रपट २४ जून २००५ रोजी प्रदर्शित झाला. शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांच्या प्रमुख भूमिका, राजस्थानी वाड्यांचे नक्षीदार सज्जे, उंटांची शर्यत, मधूनमधून कथेवर शेरे मारणाऱ्या दोन कठपुतळ्या, असा सारा थाट त्यात होता. त्या वर्षी ऑस्करच्या विदेशी चित्रपटांच्या विभागासाठी भारताने हाच चित्रपट पाठविला. अखेरच्या पाच नामांकनांत तो आला नाही. पटकथा संध्या गोखले यांची. म्हणजे लोककथा मारवाडची, भाषा हिंदी, पैसा मुंबईचा आणि हात मराठी.

भुताखेतांचा हा प्रेमपट इतिहासविषयक लेखाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. आमच्या मते होऊ शकतो. आणि तो पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा रामबाग, नारायणबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत पसरलेल्या आपल्या जुन्या मराठी घरांना अधिक जवळचा वाटावा. कारण या कथेतले भूत कितीही काल्पनिक असले, तरी त्याला घरात शिरावयास जी जागा मिळते ती काल्पनिक नाही. घरचा पुरुष दूरदेशी गेलेला आहे, तो कधी येईल याचा भरवसा नाही, आणि मागे राहिलेल्या स्त्रीला कोणी काही विचारीत नाही, ही ती जागा. आपल्या पूर्वजांची मुलूखगिरी ज्या घरांच्या जिवावर झाली, त्या घरांतही ती होती.

प्रथम कथा सांगतो. एका धनिक व्यापाऱ्याच्या मुलाचे लग्न होऊन वरात परत निघाली आहे. वाटेत मुक्काम पडतो. तेथे वस्तीला असलेले भूत नवरीचे मुख पाहते आणि तिच्यावर भाळते. तिला झपाटावे असे त्याच्या मनात येते. पण तिला त्रास होईल म्हणून ते मागे फिरते. इकडे नवरा पहिल्याच रात्री हिशेबाच्या वहीत डोके घालून बसतो. शुभमुहूर्तावर व्यापारासाठी बाहेर पडावयाचे आहे आणि पाच वर्षे परत यावयाचे नाही, अशी वडिलांची आज्ञा आहे. दुसऱ्या दिवशी तो निघतो. वाटेत भुताची व त्याची गाठ पडते, भुताला सगळी हकीकत कळते, आणि ते नवऱ्याचे हुबेहूब रूप घेऊन घरी येते. एका साधूच्या कृपेने मला रोज पाच मोहरा मिळतात, असे सांगितल्यावर सासऱ्याची काही तक्रार उरत नाही. पाच वर्षांच्या व्यापाराची निकड रोजच्या पाच मोहरांनी एका क्षणात संपते! लोककथा हसत हसत असा चिमटा काढते.

मात्र नवरीच्या खोलीत पाऊल टाकल्यावर भूत थबकते. सर्वांना फसविले, हिला फसविणार नाही, असे ठरवून ते तिला खरे सांगून टाकते: मी तुझा नवरा नव्हे, भूत आहे, आता मी राहावे की जावे ते तू ठरव. आजवर तिला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न आहे. लग्न ठरविताना विचारले नव्हते, नवरा जाताना विचारले नव्हते. ती भुताला ठेवून घेते. पुढे दिवस जातात, बातमी दूरवर पोहोचते, आणि चक्रावलेला खरा नवरा परत येतो. एका रूपाचे दोन पुरुष दारात उभे. निवाड्यासाठी सगळे राजाकडे निघतात. वाटेत एक धनगर भेटतो आणि हा निवाडा मीच करतो म्हणतो. तो काही परीक्षा घेतो. शेवटची परीक्षा पाण्याच्या कातडी मशकीत शिरून दाखविण्याची. भूत मशकीत शिरते, आणि धनगर तिचे तोंड बांधून टाकतो.

ही कथा विजयदान देथा यांनी राजस्थानीत लिहिली. देथा (१९२६–२०१३) हे जोधपूरजवळच्या बोरुंदा या गावचे. गावोगावच्या, विशेषतः बायकांच्या तोंडच्या, कथा ऐकून त्यांनी 'बातां री फुलवाडी' ही चौदा खंडांची माला सिद्ध केली. तिच्या दहाव्या खंडास १९७४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. कोमल कोठारी यांच्यासह त्यांनी बोरुंद्यात रूपायन संस्थान काढले. हबीब तन्वीर यांचे गाजलेले 'चरणदास चोर' हे नाटकही देथांच्याच कथेवरून निघाले. देथांनी कथा नुसत्या टिपून घेतल्या नाहीत. ऐकलेल्या कथेचा सांगाडा ठेवून तिच्यात स्वतःचे मांस भरण्याची त्यांची रीत होती. म्हणून या कथेतला सत्यवादी भूत किती लोकांचा आणि किती देथांचा, हे वेगळे काढीत बसण्यात अर्थ नाही.

'दुविधा' याच नावाने तिच्यावर १९७३ मध्ये मणी कौल यांनी पहिला चित्रपट काढला. कौल जन्माने जोधपूरचे, शिक्षणाने पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. अत्यल्प पैशात, बोरुंद्यातच, गावकऱ्यांना घेऊन त्यांनी तो चित्रित केला. नवरीच्या भूमिकेत चित्रकार अकबर पदमसी यांची कन्या रईसा होत्या. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार कौल यांना या चित्रपटासाठी मिळाला. 'पहेली' पाहिलेल्याने 'दुविधा' पाहावयास बसावे आणि पहिल्या दहा मिनिटांत उठून जावे, असे फार घडते. पात्रे बोलत नाहीत. त्यांचे बोलणे वरून ऐकू येते. चित्रे लघुचित्रांसारखी थिजलेली. नवरी लाल ओढणीतून आपल्याकडे पाहत राहते, आणि तिच्या पाहण्याखेरीज पडद्यावर काही घडत नाही. पण धीर धरून बसलेल्यास एकटेपणाचा काळ किती लांब असतो ते कळते. 'पहेली'त ती पाच वर्षे नाचत-गात निघून जातात.

आता त्या 'दिसावर' शब्दाकडे वळू. मारवाडी व्यापारी घरांत दिसावर म्हणजे परमुलूख, जेथे पेढी काढावी, मुनीम म्हणून राबावे, वर्षानुवर्षे राहावे आणि पैसा गावी पाठवावा असा मुलूख. 'पहेली'तला किशनलाल जामनगरला जातो. परंतु एकोणिसाव्या शतकातला खराखुरा किशनलाल माळव्याकडे निघाला असता तर त्यात नवल नव्हते. मंदसोरच्या तहानंतर १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदुरास आली. अफूचा व्यापार वाढला, पुढे कापसाचा. आणि राजस्थानातून आलेल्या सावकारी घराण्यांनी येथली सराफी उभी केली. सर सेठ हुकुमचंद यांचे घराणे त्यांतलेच. ज्या सराफ्यात आपण रात्री खाऊगल्लीसाठी जातो, त्या पेढ्यांवर दिवसा वही लिहीत बसलेल्या किती मुनिमांच्या बायका दोनशे कोसांवर वाट पाहत असतील! माळवा हा त्यांचा दिसावर होता. आणि आपलाही होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मराठी घरांत या जाण्याला दुसरे शब्द होते: स्वारी, मोहीम, मुलूखगिरी, चाकरी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघावे आणि पावसाळ्यापूर्वी परतावे, ही मूळची वहिवाट. हिंदुस्थानच्या स्वाऱ्या लांबत गेल्या तशी ती मोडली. शिलेदार नर्मदा ओलांडून गेला की दोन-दोन, चार-चार वर्षे गावाकडे फिरकत नसे. काही तर इकडेच रुजले, इकडेच दुसरा संसार थाटून बसले. पेशवाईतील शाहिरांच्या लावण्या चाळल्या तर त्यांत स्वारीवर गेलेल्या धन्यासाठी तळमळणारी स्त्री पुन्हा पुन्हा भेटते. त्या लावण्या पुरुषांनी रचल्या आणि पुरुषांसमोरच बहुधा गायिल्या गेल्या, ही गोष्ट खरी. तथापि ज्या समाजात हे दुःख नव्हतेच तेथे ते इतके लोकप्रिय झाले नसते. आमच्या मते त्या शिलेदारांच्या बायका हा माळव्यातील मराठी वसाहतीच्या इतिहासाचा न लिहिलेला अर्धा भाग आहे. सनदा, जहागिरी, पागा, लढाया यांचे कागद आपण जपले. मागे राहिलेल्यांचे कागद झालेच नाहीत. त्यांच्या फक्त गोष्टी झाल्या.

दुसऱ्याचे रूप घेऊन स्त्रीजवळ येणे ही कल्पना आपल्या परंपरेस नवी नाही. कार्तिकात अंगणात तुळशीचे लग्न लावताना जिची कथा सांगतात, त्या वृंदेला विष्णूने जालंदराच्या रूपाने फसविले. इंद्र गौतमाचे रूप घेऊन अहल्येकडे आला. हे दोन्ही प्रसंग आपण फसवणुकीचे म्हणून ऐकत आलो. परंतु वाल्मीकींच्या बालकांडात अहल्येला समोरचा पुरुष इंद्र आहे हे ठाऊक असते आणि ठाऊक असून ती त्यास रुकार देते, असे स्पष्ट आहे. उत्तरकालीन कथाकारांना हे पचले नाही. त्यांनी तिला अजाण केले, म्हणजे तिची निर्दोषता राखली आणि तिचे मन काढून घेतले. पंचकन्यांत जिचे नाव पहिले घ्यावे आणि जे नाव इंदुरात एका राजमातेमुळे दुप्पट पुण्यप्रद झाले, त्या अहल्येविषयी हा पाठभेद आपल्या कीर्तनांतून सहसा ऐकू येत नाही.

याच्या उलट दमयंतीचे. चार देव नळाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात आणि पाच नळ तिच्यापुढे उभे राहतात. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, हारातली फुले कोमेजत नाहीत, पाय भूमीला टेकत नाहीत; या खुणांवरून ती आपला मनुष्य ओळखते. ज्याला घाम येतो, ज्याच्या अंगावर धूळ आहे, तो तिला हवा असतो. येथे परीक्षा घेणारी ती स्वतः आहे. 'दुविधे'तल्या धनगराच्या निवाड्याशेजारी हे ठेवले की मारवाडच्या त्या कथेचे खरे दुखणे लक्षात येते. दोन सारखे पुरुष उभे आहेत, बाप गोंधळला आहे, गाव गोंधळले आहे, प्रकरण राजापर्यंत निघाले आहे. आणि ज्या एका व्यक्तीस खरे काय ते ठाऊक आहे तिच्याकडे निवाडा जात नाही. धनगर हुशार आहे, विनोदी आहे, 'पहेली'त तर अमिताभ बच्चन त्याचे काम करतात म्हणून प्रेक्षक खूश होतात. तरीही तो परका आहे. घरातल्या गुपिताचा फैसला रस्त्यावरचा माणूस करतो.

रूप पालटणाऱ्या आत्म्यांचा खरा खजिना चीनमध्ये आहे, आणि त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे आपल्या कथांचे वळण अधिक नीट दिसते. शांतुंग प्रांतातील पू सुंगलिंग (१६४०–१७१५) हा विद्वान तरुणपणी पहिली सरकारी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. पुढची परीक्षा मात्र त्याला जन्मभर साधली नाही. श्रीमंतांच्या घरी शिकवणी करीत त्याने पाचशेच्या आसपास अद्भुत कथा लिहिल्या. ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर पन्नासएक वर्षांनी, १७६६ मध्ये. त्यातील कोल्हीणी सुंदर स्त्रियांचे रूप घेऊन येतात, मृत मुली थडग्यातून उठून दिव्याच्या उजेडात येऊन बसतात. हाँगकाँग आणि चीनच्या चित्रपटांनी या ग्रंथावर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली. १९८७ चा 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' त्यातील एका भूतकन्येच्या कथेवरून निघाला. २००८ चा 'पेंटेड स्किन' ज्या कथेवरून निघाला तिच्यात एक राक्षसीण माणसाचे कातडे रंगवून अंगावर चढविते आणि पुरुषाचे काळीज काढून नेते. चित्रपटात त्या राक्षसिणीची कोल्हीण झाली, आणि काळजाबरोबर ती प्रेमही मागू लागली.

चिनी कथेत एकटा कोण आहे हे पाहावे. परीक्षेचा अभ्यास करीत ओसाड देवळात वा जुन्या वाड्यात राहणारा दरिद्री तरुण! त्याच्या खोलीत रात्री स्त्री येते. लिहिणाराही तोच, वाचणाराही तोच, नापासही तोच. आपल्याकडे दिशा उलटी. एकटी आहे ती सून, आणि तिच्याकडे येतो तो पुरुष. गिरीश कार्नाडांच्या 'नागमंडल' नाटकातही (१९८८) हेच आहे. नवरा राणीला कोंडून बाहेरच्या बाईकडे जातो आणि नाग त्याचे रूप घेऊन रात्री येतो. कार्नाडांनी त्या कथा ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकल्या होत्या. आणि रामानुजनांनी कन्नड स्वयंपाकघरांत बायका मुलांना जेवू घालताना सांगतात त्या गोष्टींवर आयुष्य वेचले होते. चिनी भुते विद्यार्थ्याच्या दिव्याखाली जन्मली, आपली चुलीपाशी. ज्याला जे नव्हते ते त्याच्या गोष्टीत आले.

या निकषावर मराठीतली सर्वांत बोलकी कथा कोणती? आम्ही बेधडक नागपंचमीच्या कहाणीचे नाव घेऊ. आटपाट नगरातल्या त्या ब्राह्मणाच्या धाकट्या सुनेला माहेरचे कोणी नव्हते. श्रावण आला, इतर जावा माहेराची भाषा करू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, नागोबाच माझे माहेर, तोच मला न्यावयास येईल. शेषाला दया आली. ब्राह्मणाचा वेष घेऊन तो मामा म्हणून दारात उभा राहिला, तिला घेऊन निघाला आणि वाटेत त्याने तिला आपले खरे रूप सांगितले. पुढे दिवा पडून नागाच्या पिलांची शेपटे भाजल्याचा आणि त्यांच्या रागाचा भाग सर्वांना पाठ आहे. आपण मुख्यतः तोच लक्षात ठेवतो, कारण त्या दिवशी चिरू नये, कापू नये, या नियमाचा त्याच्याशी संबंध लावतात. परंतु कहाणीचा प्राण आधीच्या भागात आहे. येथे रूप घेऊन येणारा प्रियकर नाही, मामा आहे. सुनेला हवे होते ते माहेरचे माणूस.

माळव्यात वाढलेल्या मराठी सुनांना ही कहाणी देशावरच्या सुनेपेक्षा अधिक लागली असली पाहिजे. देशावरची लेक श्रावणात चार कोसांवर माहेरी जाई. सातारा-वाईकडून इंदूर-देवास-धारेस दिलेल्या मुलीला, आगगाडी येण्यापूर्वीच्या काळात, बैलगाडीने सातपुडा आणि नर्मदा ओलांडून नेणारा भाऊ कोठून मिळणार? तिला नागाखेरीज दुसरा मामा नव्हता. आणि नागसुद्धा तिच्याशी खोटे बोलत नाही, हे लक्षात घ्यावे. घरच्यांपुढे ब्राह्मण, तिच्यापुढे नाग. मारवाडच्या भुताने बापाला साधूची थाप मारली आणि नवरीला सत्य सांगितले, त्याचेच हे सोज्ज्वळ रूप आहे.

मराठी बोलपटाने या विषयाला फार लवकर हात घातला होता. प्रभातचा 'मायामच्छिंद्र' १९३२ चा. दुर्गाबाई खोटे स्त्रीराज्याची राणी, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, मास्टर विनायक गोरखनाथ. अखेरीस ते सारे राज्य, ते प्रेम, तो संसार, शिष्याच्या परीक्षेसाठी गुरूने रचलेली माया होती असे उघड होते. चित्रपट अद्भुत होता खरा. परंतु स्त्रियांचे राज्य शेवटी एका पुरुषाच्या शिकवणीचा धडा ठरावे, यात त्या काळाची समजूत दिसते. पालेकरांपर्यंत येताना सत्तर-बाहत्तर वर्षे गेली आहेत. 'ध्यासपर्व' (२००१) मध्ये त्यांनी र. धों. कर्वे यांचे चरित्र घेतले, 'अनाहत' (२००३) मध्ये नियोगासाठी एका रात्रीचा पुरुष निवडावयास भाग पडलेली राणी घेतली, त्यानंतर 'पहेली'. तिन्ही एका ओळीत ठेवले तर स्त्रीच्या इच्छेला विचारले जावे, हा एकच आग्रह त्यांत आहे. 'पहेली'त त्यांनी एक मोठी जाऊही जोडली. शर्यत हरल्याच्या लाजेने तिचा नवरा घर सोडून गेला आहे, आणि ती वर्षानुवर्षे तशीच आहे. जुही चावला यांनी ते काम अगदी थोडक्यात आणि नेमके केले आहे. एका घरात दोन वाट पाहणाऱ्या. एकीकडे भूत आले, दुसरीकडे तेही नाही. आम्हांस नायिकेपेक्षा ही जाऊ अधिक काळ आठवत राहिली.

आता शेवट. देथांच्या आणि कौल यांच्या 'दुविधे'त भूत मशकीत कोंडले जाते, आणि नवरी खऱ्या नवऱ्याबरोबर त्याच घरात राहते. पालेकरांनी हा शेवट बदलला. त्यांचे भूत मशकीतून निसटून खऱ्या नवऱ्याच्या देहात शिरते. नवरी त्याला ओळखते. सारे गोड होते. यावर पुष्कळ टीका झाली. कलावंताने लोकांच्या आवडीपुढे मान तुकविली, असे म्हटले गेले.

आम्ही त्या टीकेत अर्धेच सामील आहो. कोंडलेल्या आत्म्याला सोडवावे, ही मागणी चित्रगृहाबाहेरही फार जुनी आहे. चीनमधील श्वेतनागिणीची कथा घ्या. माणसाशी संसार करणाऱ्या त्या नागिणीला फाहाय नावाच्या भिक्षूने हांगचौच्या लैफेंग मनोऱ्याखाली गाडून ठेवले. २५ सप्टेंबर १९२४ रोजी तो जुना मनोरा खरोखरच कोसळला, तेव्हा थोर लेखक लू शुन याने त्यावर एक छोटा निबंध लिहून उघड आनंद व्यक्त केला. लहानपणी आजीकडून ती कथा ऐकल्यापासून तो मनोरा पडावा असे त्याला वाटत होते, आणि फाहायला दोष न देणारा माणूस त्याला कोठे भेटला नव्हता. भिक्षूने धर्म राखला असेल. परंतु ऐकणाऱ्या बायका-मुलांनी कौल नागिणीच्या बाजूने दिला होता. पालेकरांनी मशकीची गाठ सोडली ती याच कौलाने. लोककथा ही लोकांचीच असते, आणि लोकांना ती पुढे नेण्याचा हक्क आहे.

आमचा आक्षेप दुसरीकडे आहे. देहात भूत शिरल्यावर त्या देहातल्या मूळच्या माणसाचे काय झाले? तो किशनलाल काही दुष्ट नव्हता. बापाने धाडले म्हणून गेला, बायकोला दिवस गेल्याचे ऐकून धावत आला. तोही दिसावराचाच बळी. चित्रपट त्याला पुसून टाकतो आणि कोणी त्याची चौकशी करीत नाही. म्हणजे जुन्या कथेत स्त्रीला विचारले नाही, नव्या कथेत पुरुषाला. 'दुविधा' म्हणजे दोन मनांची ओढाताण. 'पहेली' म्हणजे कोडे. कोडे सुटते. दुविधा सुटत नाही, भोगावी लागते. नाव बदलताना ही तफावत दिग्दर्शकाच्या ध्यानी आली नसेल असे नाही.

आणि खऱ्या इतिहासात असा प्रसंग आला तर काय होते, हे मराठ्यांनी पाहिले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या देहाची ओळख पटवून दहन झाल्याची हकीकत काशीराजाने लिहून ठेवली. परंतु पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या, रणातून त्या कशाबशा दक्षिणेत परतल्या, आणि त्यांनी पतीचे शव पाहिलेले नव्हते. त्यांनी वैधव्य पत्करिले नाही. काही वर्षांतच उत्तरेत, बुंदेलखंडाच्या बाजूला, मीच भाऊ म्हणणारा एक पुरुष उभा राहिला. तो सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण. पकडून त्याला कैदेत घातले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला बाहेर काढले, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या नावाने द्वाही फिरवू लागले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनी तो मोड केला, आंग्ऱ्यांनी पळता त्याला धरून दिले, पुण्यात चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या १९१३ च्या नाटकामुळे हे प्रकरण मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे.

इतिहासकारांनी या प्रकरणात नाना फडणिसांची मुत्सद्देगिरी पाहिली, कोकणातल्या असंतोषाची कारणे शोधली. ते योग्यच आहे. मात्र हजारो माणसे त्या तोतयामागे का गेली, याचे एक कारण फौजेत नव्हे, घरांत शोधावे असे आम्हांस वाटते. पानिपतावर एकटे भाऊसाहेब गेले नव्हते. जनकोजी शिंद्यांचाही तोतया निघालाच होता. घराघरांतून परत न आलेला कोणीतरी होता, आणि भाऊसाहेब परत येऊ शकतात तर आपलाही येऊ शकेल, ही आशा त्या तोतयाच्या निशाणाखाली चालत होती. त्याने नुसते भाऊसाहेबांचे रूप घेतले नव्हते. त्याने वाट पाहणाऱ्यांच्या मनातले रूप घेतले होते. आपल्या माळव्यातील पुष्कळ घराण्यांच्या वंशावळीत पानिपतापाशी एखाद्या नावापुढे रेघ ओढलेली असते. त्या रेघेपलीकडे एक स्त्री उभी असते आणि वंशावळीत तिचे नाव नसते.

सुखलालाच्या शिक्षेनंतरही पार्वतीबाईंचे कुंकू तसेच राहिले. मधल्या काळात, नारायणरावाच्या खुनानंतर, त्या गरोदर गंगाबाईंबरोबर पुरंदरावर होत्या. सवाई माधवराव त्यांच्या डोळ्यांसमोर वाढला. १७८३ मध्ये त्या निवर्तल्या. भाऊसाहेबांची उत्तरक्रिया बावीस वर्षे राहून गेली होती. ती त्यांच्या क्रियेबरोबर करण्यात आली.